कारण शेवटी लिहायचे

हेडफोन जोडलेला नसताना फोनला तो जोडलेला आहे असे का वाटते, आणि त्याचा हा गैरसमज कसा दूर करायचा, या प्रश्नाचे उत्तर नीट लिहून ठेवावे म्हणून मी हा लेख हाती घेतला. प्रश्न लहान आहे आणि उत्तर एका परिच्छेदात मावेल. परंतु ते उत्तर मला ज्यांनी दाखवले, त्यांच्याविषयी न सांगता ते लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. हाच प्रश्न त्यांच्याआधी मला विचारला गेला होता. मी विज्ञानाची शिक्षिका होते आणि मी चुकीचे उत्तर दिले होते. चुकीचे उत्तर एक वेळ क्षम्य असते. मी ते न पाहता दिले होते.

ते आमचे घरमालक. सातपूरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी अकरा वर्षे भाड्याने राहिले. त्यांनी सगळी नोकरी तिथल्याच औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात, तपासणी विभागात केली होती. यंत्रावरून उतरलेला भाग मापात आहे की नाही, हे ठरवणे हे त्यांचे काम. गल्लीत त्यांना ‘इन्स्पेक्टर काका’ म्हणत. नव्याने राहायला येणारी माणसे त्यांना निवृत्त पोलीस समजत आणि पहिले काही दिवस आपली मोटारसायकल जरा सरळ लावत.

कारखान्यात तपासलेल्या मालाला टॅग लावतात. चांगल्याला हिरवा, नाकारलेल्याला लाल आणि निर्णय व्हायचा असेल तर पिवळा. निवृत्त झाल्यावर काकांनी ही पद्धत घरी आणली. जुन्या लग्नपत्रिकांचे कागद बहुधा लाल-पिवळेच असतात, ही त्यांची मोठी सोय होती. पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते पट्टीने तीन रकाने आखत: ‘काय दिसले’, ‘कोणी पाहिले’ आणि ‘कारण’. वस्तू चालेनाशी झाली की पहिले दोन रकाने लगेच भरायचे आणि तिसरा कोरा ठेवून पिवळा टॅग दोऱ्याने त्या वस्तूला बांधायचा. कारण शेवटी लिहायचे. ते सापडेपर्यंत ती वस्तू ‘थांबवलेली’ असे. ‘बिघडलेली’ हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. मिक्सर, छत्री, दाराची कडी, देवघरातील विजेची माळ, अशा सगळ्यांना कधी ना कधी कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका लटकलेली मी पाहिली आहे.

“आमच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली,” काकू मला एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मी अजून पिवळ्यातच आहे.”

“तपासणी चालू आहे,” काका आतून म्हणाले.

काहीही तपासायचे असले की ते आधी चपला काढत. अचूक मापे जिथे घेतात त्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर ठेवण्याचा नियम असतो, तो त्यांच्या पायांनी सोडला नव्हता. भाजीवाल्याच्या गाडीसमोर, भर रस्त्यात, चपला बाजूला काढून दुधी भोपळा निरखणारा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांचा राग हा वेगळा विषय आहे. इतर माणसांचा आवाज रागाने चढतो. त्यांचा खाली येत असे आणि शब्द एकेक करून, मोजून दिल्यासारखे बाहेर पडत. कान मात्र लाल होत. एका प्रसंगाला मी साक्षीदार आहे. खोकला झाला म्हणून काकूंनी त्यांना बळेच दवाखान्यात नेले आणि सोबतीला मला घेतले. काका खुर्चीत टेकतात न टेकतात तोच डॉक्टर लिहू लागले.

“डॉक्टर, आधी बघा. मग लिहा.”

“काका, या सीझनला सगळ्यांना हेच आहे.”

“सगळे आत आलेले नाहीत. मी आलोय.”

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानाला लावेपर्यंत काका खुर्चीतून हलले नाहीत. बाहेर पाच-सहा रुग्ण खोळंबले होते. काकू ओशाळून पदराशी चाळा करत होत्या. मला त्या वेळी काकांचीच चीड आली होती, हे नोंदवले पाहिजे.

चीड येण्यासारखे त्यांच्यात पुष्कळ होते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटार एकदा बंद पडली. वायरमन दारात उभा होता, “मोटर जळाली” म्हणत होता आणि दुसरी बसवायला तयार होता. काकांनी मोटारीला पिवळा टॅग बांधून त्याला परत पाठवले. मी दोन दिवस बादल्या वाहिल्या. तिसऱ्या दिवशी काकांना बटणाच्या डब्यात मेलेली पाल सापडली. ती काढताच मोटार सुरू झाली. त्यांनी तिसरा रकाना भरला, मला जिन्यात बोलावून वाचून दाखवला आणि म्हणाले, “मास्तरीणबाई, बादल्या तुम्ही उचलल्यात हे खरं. पण मोटर निर्दोष होती.” निर्दोष हा शब्द त्यांनी मोटारीसाठी वापरला, तेव्हा मी हसले होते. पुढे जे घडले त्यानंतर मला त्या शब्दाचे हसू आले नाही.

यमुना ही माझी जुनी विद्यार्थिनी. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. नाशकात वसतिगृहात राहून आमच्या शाळेत दहावीपर्यंत शिकली. एका संस्थेसाठी ती आता चार पाड्यांवर घरोघर जाते. तान्ह्या मुलांची वजने घेते, गरोदर बायांची विचारपूस करते आणि सगळे फोनमध्ये नोंदवते. फोन संस्थेने दिलेला. त्याबरोबर गळ्यात अडकवायची लाल, लोकरीसारख्या जाड कापडाची पिशवी आणि छापील सूचना: फोन सदैव पिशवीतच ठेवावा. महिन्याच्या बैठकीला नाशकात आली की ती माझ्याकडे डोकावून जाई.

अशाच एका बैठकीनंतर, ऐन पावसाळ्यात, ती आली. मी उत्तरपत्रिका तपासत होते.

“बाई, फोन आला ना, की समोरच्याचं काहीच ऐकू येत नाय. माझं त्याला जातं. स्पीकरचं बटण दाबलं की येतं, पण मग साऱ्या घराला ऐकू येतं. बाया आता मला फोनच करत नायत. मी असते कुणाच्या तरी घरात, तिथं तिचा सासरा पुढं बसलेला असला तर स्पीकरवर कोण सांगंल?”

अडचण किती गंभीर होती, हे वाचकांच्या लक्षात यावे. बाईला रक्तस्राव होतो आहे, दोन दिवसांपासून बाळाची हालचाल कळत नाही, या गोष्टी चार माणसांना ऐकू जातील अशा सांगायच्या नसतात. त्या सांगितल्या गेल्या नाहीत तर काय होते, तेही मला ठाऊक होते. आणि तरीही मी काय केले? हातातली लाल पेन्सिल खाली न ठेवता फोनच्या पडद्याकडे एकवार पाहिले. वरच्या कडेला हेडफोनचे बारीक चिन्ह होते. मी म्हणाले, “पावसाळा आहे, पाणी गेलं असणार. तांदळात ठेव दोन दिवस.” आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

पुढच्या महिन्यात ती आली ती जिन्यातच बसली. वर येईना. मी खाली उतरून गेले.

“माझे पाडे दुसरीला देणार हायत बाई. पुढच्या बैठकीपासून.”

संस्थेने तिला फोन घेऊन शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात पाठवले होते. दुकानदाराने चिठ्ठीवर लिहून दिले: पाण्यामुळे नुकसान, वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. ती चिठ्ठी जोडून संस्थेने एक कागद तिच्यापुढे ठेवला: फोन माझ्या निष्काळजीपणामुळे भिजला हे मला मान्य आहे. खाली तिची सही.

“अगं पण सही का केलीस?” मी जवळजवळ ओरडले.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

“तुम्हीच म्हणाला होता ना बाई, पाणी गेलं म्हणून. मला वाटलं, मला कळलं नसंल, पण गेलं असंल.”

इतकी वर्षे मी वर्गात सांगत आले की निरीक्षण आधी आणि अनुमान नंतर. फळ्यावर हे दोन शब्द लिहून खाली रेघ मारत आले. आणि माझ्याच विद्यार्थिनीने, माझ्या न केलेल्या निरीक्षणावर विश्वास ठेवून, स्वतःच्या विरुद्ध सही केली होती.

काका ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळे ऐकले होते.

“मास्तरीणबाई, त्या पोरीला इकडं आणा.” त्यांनी चपला काढल्या आणि खिशातून पिवळी पत्रिका काढली. “बस बाळ. काय झालं ते सांगू नको. काय दिसलं ते सांग.”

वजनाच्या नोंदी करणारी मुलगी ती. तिने क्रमाने सांगितले. वर चिन्ह दिसते. फोन आला तर घंटी वाजते. उचलल्यावर ऐकू येत नाही. व्हिडिओ लावला तर मुका. बंद करून सुरू केला तरी तेच. काका लिहीत गेले.

“शेवटचा हेडफोन कधी लावला होतास?”

“कधीच नाय. माझ्याकडं हायच नाय.”

पेन्सिल थांबली. “नाहीच?”

“नाय.”

“पाण्यात पडला होता?”

“नाय.”

“पावसात भिजला?”

“पिशवीत असतो, त्याच्यावर प्लास्टिक, त्याच्यावर छत्री. मी भिजते, तो नाय भिजत.”

“हे कुणाला सांगितलंस?”

“कुणी इचारलंच नाय.”

“दुकानदारानं आत बघितलं?”

“त्यानं हातात पण घेतला नाय. म्हणला, कुठली तू? म्हटलं, पेठकडची. म्हणला, तिकडं पाऊस लय, मग पाणीच.”

काकांचे कान लाल झाले. ते दुकानदाराविषयी काही बोलतील असे मला वाटले होते. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“आणि तुम्ही? तुम्ही आत बघितलं होतं?”

“नाही,” मी म्हणाले.

“दुकानदार शिकलेला नसेल. तुम्ही शिकवता.”

काकूंनी आतून पाण्याचा तांब्या आणला आणि यमुनेसमोर ठेवला. माझ्याकडे कोणी पाहत नव्हते, एवढाच काय तो आधार.

आता पुढचा भाग मी सावकाश सांगते, कारण लेखाच्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. काकांकडे स्मार्टफोन नव्हता. बटणांचा जुना फोन होता आणि तोही काकूंचा. “मला फोनमधलं काही कळत नाही,” ते म्हणाले. “भोक कळतं. सगळी नोकरी भोकंच मोजली.”

“आणि त्याचा पगार घेतला,” काकू म्हणाल्या.

काकूंनी देवघरातून एक अगरबत्ती आणली. काकांनी तिची मसाला नसलेली बांबूची बाजू कापून घेतली, टोक ब्लेडने तासून आणि नखावर घासून बोथट केले. माझ्याही फोनला तसेच हेडफोनचे भोक होते. दोन्ही फोन बंद करायला लावून त्यांनी काडी आधी माझ्या फोनच्या भोकात, अजिबात जोर न लावता, तळाला टेकेपर्यंत सोडली आणि भोकाच्या तोंडाशी काडीवर पेन्सिलची खूण केली. मग तीच काडी यमुनेच्या फोनमध्ये सोडली. खूण बाहेरच राहिली. अर्ध्या तांदळाएवढी.

“याचा तळ वर आलाय,” काका म्हणाले. “तळ वर येत नसतो.”

मग विजेरी. तळाशी काहीतरी दबून बसलेले दिसत होते. काकांनी काडी कडेकडेने फिरवली, फोन उलटा धरून हलकेच टिचकी मारली, पुन्हा फिरवली. पंधरा-वीस मिनिटे हे चालले होते. त्यांनी तोंडाने फुंकर मारली नाही की सुई वापरली नाही. फुंकरीने वाफ आत जाते आणि सुईने आतल्या पट्ट्या वाकतात. शेवटी काडीच्या टोकाला अडकून एक घट्ट दाबलेली गोळी बाहेर आली. काकांनी ती पांढऱ्या कागदावर ठेवून काडीने उलगडली. लाल तंतू होते. त्यात दोन-तीन पांढरे कण होते.

“हे पांढरं काय?” काकांनी विचारले.

“तांदळाची कणी असंल,” यमुना म्हणाली. “बाईंनी तांदळात ठेवायला सांगितला होता.”

काकांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, आणि ते मला अधिक लागले. त्यांनी यमुनेच्या गळ्यातली पिशवी मागून घेतली, उलटी केली आणि तिच्या आतल्या बाजूचे चार तंतू चिमटीने ओढून कागदावरच्या तंतूंशेजारी ठेवले. रंग तोच होता आणि जाडीही तीच. भोक फोनच्या खालच्या कडेला होते. पिशवीत फोन उभा राहिला की ते नेमके तळाच्या लोकरीवर टेकत असे. चार पाडे चालताना, पावलागणिक, ते भोक लोकर खात होते.

शास्त्र सोपे आहे. भोकाच्या आत धातूच्या बारीक लवचीक पट्ट्या असतात. हेडफोनची पिन शिरली की त्यांतली एक पट्टी ढकलली जाते, आणि तेवढ्यावरून फोन समजतो की हेडफोन आला. मग आवाज तिकडे पाठवतो. फोनला हेडफोन दिसत नसतो. त्याला एक पट्टी हललेली कळते. लोकरीच्या गोळीने ती हलवली तरी तो तेच समजणार. पाण्यानेही असे होऊ शकते, हे मी नाकारत नाही. पट्टी तुटली असेल तर कारागिराकडेच जावे लागते, आणि कधी दोष नुसत्या सेटिंगमध्येही असतो. पण यांतले नेमके काय आहे, हे आत पाहिल्यावरच कळते.

फोन सुरू केला. चिन्ह गेले होते. मी माझ्या फोनवरून यमुनेला फोन लावला आणि घरात जाऊन हळू आवाजात म्हणाले, “यमुना, ऐकू येतं का?”

“येतं बाई.” मग थोडे थांबून, “फक्त मलाच येतं.”

काकांनी तीन वेळा फोन लावायला लावला. तिसऱ्यांदाही नीट चालल्यावर त्यांनी टॅगचा शेवटचा रकाना भरला, तंतूंची पुडी केली आणि म्हणाले, “उद्या कार्यालयात.”

संस्थेचा समन्वयक तरुण होता आणि वागायला अतिशय सौजन्यशील. त्याने आम्हाला चहा मागवला.

“अरे वा, सुरू झाला? मग प्रश्नच मिटला काका.”

“फोनचा मिटला. हिचा नाही मिटला. हिच्या कागदावर निष्काळजीपणा लिहिलाय.”

“पण सही त्यांचीच आहे ना. आम्ही काही जबरदस्ती केली नाही.”

“जबरदस्ती मी केली,” मी म्हणाले. मी घरून लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यावर लिहिले होते की यमुनेची सही माझ्या सांगण्यावर विसंबून झाली आहे; मी तिची शिक्षिका आहे; मी फोन तपासला नव्हता; माझे विधान निराधार होते. खाली माझी सही होती.

त्याने वाचले. “मॅडम, याची काही गरज नव्हती.”

“होती. हा तिच्या कागदाला जोडा.”

काकांनी विचारले, “असे आणखी किती आहेत?”

“नऊ आहेत. पण त्या सगळ्या पाण्याच्याच केसेस आहेत.”

“नऊच्या नऊ? पाऊस तुमच्याच फोनवर पडतो का हो?”

यमुना खुदकन हसली आणि तिने तोंडावर पदर धरला. समन्वयकाने नाइलाजाने कपाट उघडले. नऊ फोन, प्रत्येक आपापल्या लाल पिशवीत, प्रत्येकाला दुकानदाराची चिठ्ठी. काकांनी चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या, परत आले आणि अगरबत्तीची काडी समन्वयकाच्या हातात दिली.

“मी काढलं तर म्हणाल, मीच आणलं. तुम्ही काढा.”

त्याने पहिला फोन घेतला. विजेरी धरली. बराच वेळ खटपट केली. गोळी टेबलाच्या काचेवर पडली. लाल होती. त्याने दुसरा फोन आपण होऊनच उचलला. तोही तसाच. तिसऱ्यातूनही लाल गोळीच निघाली.

“असं आहे काका,” तो अखेर म्हणाला, “पिशव्या देणगीदारांकडून आल्यात. त्यांचं नाव छापलंय बघा. आता त्यांच्या पिशवीमुळे झालं, असं कसं लिहायचं?”

“मग काय लिहिणार?”

“तांत्रिक कारण, असं टाकू.”

काकांचा आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावे लागले. “बाईनं भिजवला, हे न बघता लिहिता आलं. पिशवीनं भरला, हे डोळ्यांनी बघून लिहिता येत नाही?”

समन्वयक वाईट माणूस नव्हता; मी हे आजही म्हणेन. त्याने यमुनेचा कागद आमच्यासमोर फाडला आणि तिचे पाडे तिच्याकडेच ठेवले. माझा कागद मात्र मला परत दिला, जणू काही घडलेच नव्हते. उरलेल्या नऊ जणींचे ‘वर कळवतो’ म्हणाला. वर म्हणजे कोणाला, ते सांगितले नाही.

जिना उतरताना काकांनी यमुनेला विचारले, “त्या नऊ जणी कामावर आहेत ना?”

“आठ हायत. त्यांच्या कागदावर मात्र तसंच लिहिलंय. सुरगाण्याकडची एक होती, तिचे पाडे गेल्या महिन्यात काढून घेतले. ती आता निफाडला जाते बाई, द्राक्षाच्या छाटणीला.”

काकांनी पत्ता विचारून घेतला. त्यांचा नियम होता की कारण सापडले की ज्याच्या नावावर माल नाकारला होता त्याला जाऊन सांगायचे. निरोप पाठवायचा नाही. पुढच्या रविवारी आम्ही दोघे बसने निफाडला गेलो आणि विचारत विचारत त्या बागेपर्यंत पोचलो. काकांनी बांधावर चपला काढल्या तेव्हा मजूर बायका हसल्या.

ती कात्री हातात घेऊन पुढे आली. तिशीची असेल. काकांनी पुडी उघडून तंतू दाखवले, काडीने काय केले ते समजावले आणि म्हणाले, “पाणी नव्हतं गेलं बाई. तुझी चूक नव्हती. त्यांनी न बघता लिहिलं होतं.”

तिने तंतूंना बोट लावून पाहिले.

“मला ठाव होतं, पाणी नव्हतं गेलं,” ती म्हणाली. “पण सापडलं ते बरं झालं काका. माझ्या पाड्यावर आता नवी पोर हाय. तिला पण तीच पिशवी दिली असंल. तिला सांगा.”

एवढे म्हणून ती वेलीकडे वळली. मुकादम तिला हाक मारत होता.

परतीच्या बसमध्ये काका सिटाची कड धरून ताठ बसले होते. निम्म्या वाटेत म्हणाले, “ती स्वतःचं काही बोललीच नाही हो.”

नव्या मुलीला आम्ही यमुनेकरवी सांगितले. मी संस्थेला चार पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले, त्यात माझ्या आस्थेबद्दल आभार होते. पिशव्या अजून वाटल्या जातात, असे यमुना सांगते. निफाडला गेलेली बाई कामावर परत घेतली गेली नाही. काका आता सिन्नरला मुलीकडे असतात. हात थरथरतो म्हणून काडी धरवत नाही. मी भेटायला गेले की आधी विचारतात, “त्या बाईचं काही झालं का?” मी नाही म्हणते. त्यांचे कान अजून लाल होतात.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या, किंवा तुम्हाला विचारायला आलेल्या कोणाच्या फोनवर हेडफोन नसताना हेडफोनचे चिन्ह दिसले, तर फोन बंद करा, उजेडात या, भोकात विजेरी धरा आणि बोथट काडीने तळ तपासा. मी वर लिहिले आहे म्हणून ते खरे मानू नका. माझ्या शब्दावर एकदा एका मुलीने सही केली आहे. तुम्ही स्वतः आत बघा.